केवळाआत्याचं गोडं पाणी

केवळाआत्या माणसाच्या डोळ्यांत बघून बोलायची नाही, गालांकडे बघून बोलायची. दारात कुणी पोरगी आली की कधी आलीस, आई बरी आहे का, ही सगळी चौकशी नंतर. आधी हनुवटीला बोट लावून तिचं तोंड उजेडाकडे वळवायचं. डावा गाल, उजवा गाल, मग कपाळ. तेवढ्यात त्या पोरीचा हात आपल्याच गालावरच्या फुटकुळीकडे गेला, की मनगटावर पदराचा फटका बसलाच म्हणून समजा.

"हात खाली! त्वांड हाय ते, खाजवायची पाठ न्हाई."

माझी आणि तिची ओळख अशाच एका फटक्याने झाली. मी तेव्हा दहावीत होते. आमचं घर चौसाळ्यात, हायवेच्या मागच्या अंगाला, विहाराच्या गल्लीत. आत्या बीडला मुलींच्या वसतिगृहात सेविका होती. निवृत्त झाल्यावर ती गावी परतली आणि भावाच्या, म्हणजे आमच्या उत्तमकाकांच्या, घराला लागून एक खोली बांधून राहिली. तिची आणि आमची भिंत एकच. गल्लीत ती सगळ्यांचीच आत्या झाली, कुणी ठरवून केली नाही.

माझी कातडी तेव्हा मोठी नखरेल होती. साबण लावला तरी लाल व्हायची, ऊन लागलं तरी लाल व्हायची, आणि महिन्यातून एकदा हनुवटीवर आणि गालावर मुरूम उठायचे. आईने लिंबू चोळून बघितलं, बेसन लावून बघितलं. एका मामीने टूथपेस्ट सुचवली, तीही लावली. टूथपेस्टने मुरूम गेला नाही, पण गालावर भाजल्यासारखा पांढरा चट्टा उठला. तो झाकायला मी पावडर थापली आणि आत्याच्या दारावरून जायला लागले. तिने हाक मारली, हनुवटी धरली, आणि मी लाजून गाल झाकायला हात वर नेताच फटका दिला.

"कुणी सांगितलं गं हे? दात घासायचं त्वांडाला कावून लावलंस?"

दुसऱ्या दिवसापासून मी तिच्या ताब्यात गेले. तिची पद्धत अगदी साधी होती, आणि तिच्या लेखी त्यात एक काना-मात्रेचा फरक चालायचा नाही. आमच्याकडे बोअरचं पाणी खारं. त्यात साबणाला फेस येत नाही आणि हंड्याच्या बुडाला पांढरा थर धरतो. तोंडासाठी म्हणून आत्या शाळेमागच्या जुन्या आडाचं गोडं पाणी एका पितळी कळशीत आणायची. ते उकळायचं, झाकून निववायचं. आधी हात धुवायचे, मग त्या पाण्याने नुसत्या तळव्याने तोंड धुवायचं, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. जास्तीचं धुतलं तरी ती रागवायची. जुन्या सुती लुगड्याचे मऊ तुकडे करून तिने दोरीवर वाळत घातलेले असायचे. प्रत्येक पोरीचा तुकडा वेगळा, एकीचा दुसरीने घ्यायचा नाही. त्याने तोंड पुसायला गेलं की पुन्हा ओरडा.

"पुसू नको. टीप. शाई टिपत्यात तसं टिपायचं."

"आता काय लावायचं, आत्या?"

"काय न्हाई. लावून लावूनच तर हिथवर आलीस."

फोडायला तर सक्त मनाई. "पिकंल, फुटंल, जाईल. तू मधी पडू नको," असं ती त्या मुरुमाच्या वतीने सांगायची. स्कूटीवर तोंडाला बांधायचा स्कार्फ रोज धुवायला लावायची. हायवेची सगळी धूळ आणि डिझेल त्या फडक्यात भरून तुम्ही तेच परत तोंडाला गुंडाळता, म्हणून चिडायची. महिन्या-दोन महिन्यांत माझं तोंड बरंच निवलं. पुढे कॉलेजात गेल्यावर मी एकदा म्हणाले, की वयाबरोबर ते आपोआपही गेलं असेल. आत्या दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दारात उभी राहून म्हणाली, "आपोआप गेलं म्हणतीस. बरं बाई. आमी आपलं हितं माशा मारत बसलो हुतो." असा तिचा स्वभाव. पोरींवर जीव टाकायची, पण तिच्या पाण्याला कुणी काही बोललेलं तिला खपायचं नाही.

तिचं स्वतःचं तोंड खड्ड्यांनी भरलेलं होतं. कुणाला वाटे देवी आल्या असतील. देवी नव्हत्या. तिला वयात येताना मुरूम यायचे, आमच्यासारखेच, आणि लग्न ठरल्यावर थोरल्या बहिणीने तिला मांडीवर घेऊन ते एकेक करून बाभळीच्या काट्याने फोडले होते. लग्नात तोंड साफ दिसावं म्हणून, प्रेमाने. सगळे पिकले आणि खड्डे राहिले. आपल्या लोकांनी धम्म घेतल्यावर लग्नातली हळद, मुंडावळ्या, सगळं टाकून दिलं होतं. आत्याचं लग्न पांढऱ्या लुगड्यात, हळदीशिवाय लागलं, याचा तिला फार अभिमान. ते सांगून झालं की मात्र ती म्हणायची, "हळद सुटली गं आमची. काटा न्हाई सुटला."

नवरा वाईट नव्हता, असंही ती सांगायची. कधी टोचून बोलला नाही. "फकस्त कंदील बारीक करायचा, आन् मग माज्याकडं बघायचा." हे ती हसत सांगायची आणि ऐकणाऱ्याला हसू यायचं नाही. तो लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. त्यामुळे भावाची मुलगी सुजाता हेच तिचं सर्वस्व होतं.

सुजाता माझ्याहून लहान, दिसायला चांगली, आणि कातडी हुबेहूब आत्याची. तेलकट आणि तरी हळवी. पाळीच्या आधी हनुवटीवर चार मुरूम यायचे, आठवड्यात बसायचे, मागे लालसर डाग ठेवून जायचे. एरवी कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण ती पदवीधर होऊन घरी बसली, स्थळं यायला लागली, आणि नेमका एक बघण्याचा कार्यक्रम त्या आठवड्यात आला. पोहे झाले, नाव-शिक्षण विचारून झालं. मग मुलाच्या काकूने मान वाकडी करून सुजाताच्या आईला विचारलं, "हे डाग निघत्यात का?"

आतल्या खोलीतून आत्याचा आवाज आला, "पोरगी बघायला आलाव का कापड?"

ते स्थळ गेलं. उत्तमकाका आत्यावर चिडले, शीलाकाकू, म्हणजे सुजाताची आई, रडली, आणि सुजाता आरशापुढे जाऊन बसली. मला त्या बाईचा आजही राग येतो. पुढे जे झालं त्याची सुरुवात त्या एका वाक्यात होती असं माझं पक्कं मत आहे.

त्यानंतर मला तलवाड्याच्या शाळेत नोकरी लागली आणि माझं चौसाळ्याला येणं सुट्ट्यांपुरतं उरलं. एका उन्हाळ्यात आले तर सुजाताचं तोंड ओळखू येईना. एक मुरूम नाही, डाग नाही, रंगही उजळलेला. आत्याने तिला हाताला धरून माझ्यापुढे आणून उभं केलं.

"बग मास्तरीण! हे बी आपोआप झालं म्हण आता!"

सकाळ-संध्याकाळ सुजाता नेमाने आत्याच्या दोरीवरचा आपला तुकडा घेऊन तोंड टिपायची, आणि आत्या बाजूला उभी राहून बघायची. गल्लीतल्याच नाही, बाजारपेठेतल्या मुली यायला लागल्या. एकीची आई तर चांगली जमीनदाराघरची. जिने कधी आमच्या गल्लीत पाय टाकला नव्हता, ती लेकीला घेऊन आत्याच्या ओट्यावर बसली आणि तिथलं पाणी तिच्या लेकीने तोंडाला लावलं. आत्याने त्याचा उच्चार केला नाही, पण त्या दिवशी तिची मान जरा ताठच होती. तिच्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस असावेत.

श्रावणात गल्लीतल्या बायका टेम्पो करून कपिलधारचा धबधबा बघायला गेल्या. मीही होते. पाण्यात भिजून वर आलो तर ढग फाटून कडक ऊन पडलं. आम्ही सगळ्या नुसत्या वाळलो. सुजाताचं तोंड मात्र बघता बघता लालभडक झालं. गालावर केसाएवढ्या बारीक लाल शिरा दिसायला लागल्या. तिने घाईने ओढणी गुंडाळली.

"बग कसं रगत सळसळतंय," आत्या कौतुकाने म्हणाली. "ह्याला म्हणत्यात लाली."

मी सुजाताला बाजूला घेऊन विचारलं, "खरं सांग, काय लावतेस?"

"आत्याचं पाणी," ती म्हणाली आणि ओढणीतून हसली.

पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं. मुलगा गेवराईकडचा, सरकारी नोकरीतला, स्वभावाने मवाळ. मुलीचं तोंड बघूनच पसंती आली होती, हे त्यांनी लपवलं नाही. "फोटोपेक्षा गोरी हाय," असं त्यांच्याकडची आत्या म्हणाली, आणि आमच्या आत्याने ते सगळ्या गल्लीत सांगितलं. मी लग्नाच्या आठवडाभर आधीच सुट्टी काढून आले होते.

आम्ही सुजाताची पेटी भरत होतो. आत्या घड्या घालून एकेक साडी लावत होती. एका ब्लाउजच्या घडीत तिच्या हाताला काही तरी लागलं. बुडापासून पिळून चपटी केलेली एक ट्यूब होती. आत्याला वाचायची गरज पडली नाही, तिने ती ओळखली. शीलाकाकूला कमरेला गजकर्ण झालं होतं तेव्हा मेडिकलमधून हीच ट्यूब आणली होती.

सुजाताने आधी कानावर हात ठेवले. मग रडत सगळं सांगितलं. ते बघायला आलेले लोक गेले त्या संध्याकाळी तिने आईच्या ट्यूबमधलं थोडंसं एका मुरुमाला लावून बघितलं. सकाळी मुरूम नव्हता. मग डागांना लावलं. डाग फिके झाले. मग सगळ्या तोंडाला, रोज. मेडिकलवाला मागेल तेव्हा द्यायचा, कशाला पाहिजे हे कधी विचारलं नाही.

"सोडून बघितली, आत्या. एक-दोन दिवस झालं की त्वांड भाजल्यावानी हुतंय. लगीन तेवढं हू दे. मंग सोडते, तुजी शप्पथ."

आत्याने ती ट्यूब मुठीत आवळून धरली. मला वाटलं आता फटका बसणार. पण ती अगदी हळू म्हणाली, "मंग माजं पाणी?"

सुजाताने खाली बघितलं. त्या क्षणी आत्याचं तोंड मी पाहिलं, आणि पाहिलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटतं. पोरीच्या जिवाची काळजी त्यात होतीच. पण आपलं एकमेव कौतुक खोटं निघालं, गावातल्या बायकांना आपण वर्ष-दीड वर्ष जे दाखवत फिरलो ते दुसऱ्याच कशाचं होतं, हा घावही होता. यातला कुठला घाव मोठा होता, हे तिलाही सांगता आलं नसतं. ती उठली. अंगणात चुलीवर तिचं गोडं पाणी तापत होतं. त्या चुलीत तिने ट्यूब टाकली.

नुसती टाकून थांबली असती तर सुजाताने दुसरी आणली असती. आत्या हाडाची वसतिगृहवाली. मेडिकलवाल्याकडे जाऊन तिने चारचौघांत बजावलं, "माज्या पोरीला ती ट्यूब दिलीस तर दुकानाम्होरं बसंन, आन् बसून बोंब मारीन." सुजाताचं अंथरूण आपल्या खोलीत आणलं. तिच्याबरोबर ती बाजारात गेली, परसात गेली. पोरगी हातापाया पडली. "पाच-सा दिवसांचा तर प्रश्न हाय गं आत्या!" आत्याचं एकच उत्तर, "इख हाय ते. इख उद्या सोडते म्हनून आज पीत न्हाईत."

दोनच दिवसांत सुजाताचं तोंड पेटलं. दुसरा शब्द मला सुचत नाही. आधी लाल झालं, मग सुजलं, डोळे बारीक झाले, आणि आयुष्यात कधी आले नव्हते एवढे मुरूम कपाळापासून गळ्यापर्यंत पिकून वर आले. वारा लागला तरी ती कळवळायची. आत्या कळशीमागून कळशी पाणी ओतत होती आणि काही उपयोग होत नव्हता.

मी दोघींना घेऊन बीडला कातडीच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर तरुण होती, शांतपणे बोलणारी. तिने सुजाताचं तोंड न दुखवता बघितलं आणि म्हणाली, "ही स्टेरॉइडची ट्यूब असते. रोज तोंडाला लावायची नव्हतीच. पण मला सांगा, एकदम बंद कुणी केली?"

सुजाताने आत्याकडे बघितलं.

"आधी आला असतात तर हळूहळू सोडवली असती, जोडीला औषध देऊन. आता तोंड उसळलंय. औषध देते, पण बरं व्हायला महिने लागतील. ऊन नको, साबण नको. हळद तर अजिबात लावायची नाही."

"लग्न आहे हिचं परवा," मी म्हणाले.

डॉक्टरने मान हलवली. आम्ही उठताना आत्याने दारात थांबून विचारलं, "बाई, नुसत्या पाण्यानं धुनं चुकीचं हुतं का?"

"नाही आजी. पाणी चांगलंच. पाणी चालू ठेवा."

एवढं खरं ठरूनही एखाद्याचा चेहरा इतका पडलेला मी कधी पाहिला नाही. एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. मांजरसुंब्याच्या पुढे आल्यावर म्हणाली, "मी खरं तेच केलं गं संगे. पर लई घाईनं केलं."

घरी उत्तमकाका कुणाचं ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. आता आमच्या गल्लीतही हळद परत आली होती, पिवळ्या साड्या आणि डीजे लावून. नवऱ्याकडच्यांनी हळदीचा कार्यक्रम मागितला होता. आत्या त्याच्याविरुद्ध महिनाभर भांडत होती. "आपली न्हाई ती हळद. सोडली ती सोडली," असं ती काकांना रोज सुनवायची. आता तर हळद थांबवायला तिच्याकडे डॉक्टरचा शब्दही होता. पण काका सगळ्यांसमोर ओरडले, "तुजं ऐकून ऐकूनच पोरीच्या त्वांडाची माती झाली. आता तू एक शब्द बोलायचा न्हाई."

मी बोलले. डॉक्टरने काय सांगितलं ते शब्दन् शब्द सांगितलं. हातापायांना लावा, तोंड सोडा, असंही म्हणाले. एक म्हातारी म्हणाली, हळद थंड असते, उलट गुणच येईल. तेवढ्यात नवऱ्याकडची उष्टी हळद वाजत गाजत दारात आली. नवऱ्याला लावून उरलेली हळद नवरीच्या तोंडाला लागलीच पाहिजे, तिला नको म्हणणं म्हणजे अपशकुन. माझ्या बोलण्याला तिथे कोण विचारतंय?

आत्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. सगळ्या हॉस्टेलला धाकात ठेवणारी, पाहुण्यांना आतल्या खोलीतून सुनावणारी, मेडिकलवाल्याला दुकानात गाठणारी ही बाई. त्या दिवशी तिने तोंड उघडलं असतं, आडवी पडली असती, तर एकही बाई पुढे सरली नसती. सगळ्यांना तिचा धाक होता. पण तिचा स्वतःवरचा विश्वास गेला होता. नवऱ्याकडच्या बायकांनी हौसेने दोन्ही हातांनी हळद चोळली. सुजाता पाटावर डोळे मिटून बसली होती. नवरीने ओरडायचं नसतं, म्हणून ती ओरडली नाही. तिच्या पायाचे अंगठे तेवढे पाटाला घासत होते. आत्या ते अंगठे बघत उभी राहिली.

लग्न झालं. पूजेची जागा, पांढरी साडी, त्रिशरण-पंचशील, सगळं रीतीप्रमाणे झालं. हळदीने तोंडावरची कातडी सोलली होती आणि ती झाकायला ब्युटी पार्लरवालीने वर थर चढवला होता. जेवणाच्या पंगतीत नवऱ्याकडच्या बायका उघड बोलत होत्या, की दाखवली एक आणि दिली दुसरी. तीन-चार महिने तिने तिकडे काढले. मग तिचा नवरा तिला माहेरी आणून सोडून गेला. वाईट बोलला नाही तो. चहा घेतला, काकांच्या पाया पडला, आणि निघताना म्हणाला, "त्वांड बरं झालं की कळवा. नेयाला येतो."

डॉक्टरचं औषध चालू होतं आणि तोंड सावकाश बरंही होत होतं. सूज गेली, मुरूम बसले. लाली मात्र राहिली आणि कातडी अगदी पातळ झाली, असं शीलाकाकू सांगायची. काकांनी दोनदा कळवलं. तिकडून कुणी आलं नाही. सुजाता घरातसुद्धा स्कार्फ बांधून बसायची, डोळे तेवढे उघडे ठेवून. आरसा तिने भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. आत्याशी ती एक शब्द बोलत नव्हती. भांडलीही नाही. भांडली असती तर आत्याला जरा तरी बरं वाटलं असतं.

आत्याने आपली दोरी मोकळी केली. बाकीच्या पोरींचे तुकडे वाटून टाकले, कुणी आलंच तर म्हणायची, "डॉक्टरकडं जा बाई. मला काय कळतंय." एकट्या सुजाताचा तुकडा रोज धुऊन दोरीवर असायचा. रोज सकाळी ती आडाचं पाणी उकळून, निववून, कळशीवर झाकण घालून भावाच्या दारात ठेवायची आणि मागे वळून न बघता परत यायची. थोड्या वेळाने सुजाता बाहेर यायची, कळशी उचलायची आणि सगळं पाणी अंगणातल्या लिंबाच्या बुडाला ओतून रिकामी कळशी परत ठेवायची. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, प्रत्येक सुट्टीत.

मी एकदा रागावून आत्याला म्हणाले, "कशाला ठेवतेस? ती झाडाला घालते."

"घालू दे की. झाड तर जगंल," ती म्हणाली. आणि मग, "मला तिनं माफ करू नये, संगे. फकस्त त्वांड धुवावं."

ती गेली ती ऐन उन्हाळ्यात, सकाळी. कळशी दारात ठेवून आली, ओट्यावर बसली आणि बसल्या जागी कलंडली. बीडला न्यायला जीप आणेपर्यंत सगळं संपलं होतं. मला निरोप मिळाला आणि मी दुपारी पोचले तेव्हा बायका तिला अंघोळ घालत होत्या. अंगणात चारी बाजूंनी लुगडी धरून आडोसा केला होता. मी आत गेले. शेजारची एक बाई टॉवेलचं टोक साबणाच्या पाण्यात बुडवून आत्याचं तोंड खसाखसा घासत होती. आत्याच्या गालांचे ते खड्डे त्या घासण्याने मागेपुढे ओढले जात होते. मला बघवेना.

"पुसू नका."

आवाज इतका बारीक होता, की बायकांना आधी कुणी बोललं ते कळलं नाही. सुजाता आडोशाच्या आत येऊन उभी होती, स्कार्फ बांधून.

"पुसू नका. टिपायचं असतंय."

तिला हात मोकळे हवे होते आणि स्कार्फचं टोक मध्ये येत होतं, म्हणून तिने तो सोडून खांद्यावरून खाली टाकला. लग्नानंतर तिचं उघडं तोंड मी पहिल्यांदाच पाहत होते. भर उन्हात ते लगेच लाल झालं. कुणी तरी म्हणालं, "बांद गं बाई ते, ऊन लागंल." तिने लक्ष दिलं नाही. दोरीवरचा स्वतःचा तुकडा तिने काढून आणला आणि दारातली कळशी आणली. सकाळी आत्याने ठेवलेली, झाकण न काढलेली. त्या पाण्याने तिने आधी आपले हात धुतले. मग आत्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, नुसत्या तळव्याने धुतलं, आणि डावा गाल, उजवा गाल, मग कपाळ असं हळूहळू टिपून काढलं. ती रडत होती. आम्ही लुगडी धरून उभ्या होतो.

अंत्ययात्रा निघाली, माणसं पांगली. संध्याकाळी मी ओट्यावर बसले होते तेव्हा सुजाता अंगणात आली. कळशीत अजून अर्धं पाणी होतं. ती कळशी घेऊन लिंबापर्यंत गेली, जरा थांबली, आणि पाणी न ओतताच परत फिरली. मग कळशीवर झाकण घातलं आणि ती घरात घेऊन गेली.